आकाशाच्या आधाराने चालणारे जीव

अंधाऱ्या रात्री अनोळखी रानातून निघालेला माणूस बराच वेळ चालूनही पुन्हा निघाल्या जागीच येऊन पोहोचतो, याला महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः कोकणात, चकवा लागणे असे म्हणतात आणि त्याचा दोष एखाद्या भुतावर ठेवला जातो. भुताचा भाग बाजूला ठेवला तरी या समजुतीमागचे निरीक्षण मात्र खरे आहे. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत काम करणारे यान सौमन आणि त्यांचे सहकारी यांनी काही माणसांना जर्मनीतील घनदाट सपाट जंगलात आणि ट्युनिशियातील सहाराच्या वाळवंटात ‘सरळ चालत राहा’ एवढीच सूचना देऊन सोडले, त्यांच्या वाटचालीची जीपीएसने नोंद घेतली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ही माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरून आले किंवा चंद्र मावळला की त्यांच्या वाटा वळू लागल्या आणि ती नकळत स्वतःचीच वाट ओलांडून गेली. डोळ्यांवर पट्टी बांधून उघड्या मैदानात चालवले असता तर काही जणांनी अवघ्या २० मीटर व्यासाची वर्तुळे काढली. एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब असल्यामुळे असे होते, हा जुना समज या प्रयोगांत टिकला नाही, कारण एकच माणूस कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत होता. ‘समोर’ म्हणजे कोणती दिशा, या जाणिवेत पावलागणिक बारीकशी चूक होते आणि बाहेरून दुरुस्ती करणारी खूण नसेल तर या चुका साठत जातात, असा संशोधकांनी त्याचा अर्थ लावला.

सरळ चालणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नव्हे, आणि सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असलेल्या मानवी मेंदूलाही त्यासाठी आकाशाची मदत लागते. मग मधमाशीसारख्या सुमारे दहा लाख चेतापेशींच्या मेंदूवर भागवणाऱ्या जिवांनी हा प्रश्न कसा सोडवला, याचा शोध घेणारे प्रयोग जीवशास्त्रातील सर्वांत विलक्षण प्रयोगांत मोडतात. किड्यांना टोप्या घालणे, मुंग्यांच्या पायांना काठ्या लावणे, पक्ष्यांना शाईच्या पाटावर उभे करणे ही वर्णने ऐकताना गमतीची वाटतात, परंतु त्या प्रत्येक युक्तीमागे एकच नेमका प्रश्न आहे: भोवतीच्या असंख्य गोष्टींपैकी वाट शोधण्यासाठी हा प्राणी नेमकी कोणती गोष्ट वापरतो?

आफ्रिकेतील शेणकिड्याला हा प्रश्न रोजच पडतो. शेणाचा ताजा पो पडला की काही मिनिटांत तेथे किड्यांची झुंबड उडते. काही जातींचे किडे त्यातून शेणाचा गोळा वळतात आणि तो ढकलत दूर नेऊन जमिनीत पुरतात, म्हणजे तो निवांत खाता येतो किंवा त्यात अंडे घालता येते. पोजवळ रेंगाळणे धोक्याचे असते, कारण स्वतः गोळा वळण्याऐवजी दुसऱ्याचा तयार गोळा हिसकावून घेणारे किडे तेथे असतातच. या किड्याला ठरावीक ठिकाणी पोहोचायचे नसते, त्याला फक्त दूर जायचे असते, आणि दूर जाण्याचा सर्वांत छोटा मार्ग म्हणजे सरळ रेषा. वाट वाकडी झाली तर तो फिरून पुन्हा त्याच गर्दीत येऊन पडण्याची भीती असते. हे सारे तो डोके खाली, मागचे पाय गोळ्यावर आणि तोंड उलट दिशेला ठेवून करतो, म्हणजे ज्या दिशेला तो जात असतो ती दिशा त्याला दिसतही नाही.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या मारी डाके व एरिक वॉरंट आणि जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाचे मार्कस बर्न यांनी या किड्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. चांदण्या रात्री काही शेणकिडे चंद्राच्या प्रकाशातील ध्रुवीकरणाचा उपयोग करतात, हे २००३ मध्ये सिद्ध झाले होते. ध्रुवीकरण म्हणजे काय याचा उलगडा पुढे मधमाश्यांच्या ओघात येईल. पण चंद्र नसलेल्या रात्रीही स्कॅरेबियस सॅटायरस या निशाचर जातीचे किडे सरळच जात होते, आणि त्याचे कारण कळत नव्हते. संशोधकांनी उंच काळ्या भिंतींचे गोल रिंगण केले, ज्यातून किड्याला झाडे किंवा टेकड्या दिसणार नाहीत, केवळ आकाश दिसेल. काही किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याची छोटी टोपी बसवली, ज्यामुळे आकाश झाकले गेले. टोपीच्या ओझ्यानेच किडा गोंधळत नाही ना हे पाहण्यासाठी इतर काहींना तशीच पारदर्शक टोपी घातली. पारदर्शक टोपीवाले किडे सरळ गेले, पुठ्ठ्याच्या टोपीवाले भरकटले. त्यानंतर किड्यांना जोहान्सबर्गच्या तारांगणात नेण्यात आले, कारण तेथे आकाशातील हवी ती गोष्ट ठेवता येते आणि नको ती पुसता येते. संपूर्ण तारांकित आकाशाखाली किडे जितके नीट चालले, जवळजवळ तितकेच नीट ते केवळ आकाशगंगेचा पट्टा दाखवला तरी चालले. मात्र मोजके ठळक तारे तेवढे ठेवले तेव्हा त्यांची चाल बिघडली. शेणकिड्याच्या डोळ्याला बहुतेक तारे सुटे सुटे दिसण्याइतके तेजस्वी नसतात, पण आकाशातून आडवा गेलेला धूसर उजेडाचा पट्टा त्याला दिसतो आणि तेवढा त्याला पुरतो. हा शोध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे ‘इग नोबेल’ त्याच वर्षी जीवशास्त्र आणि खगोलशास्त्र या दोन विषयांत मिळून या कामाला देण्यात आले. दोन इतके दूरचे विषय एका किड्याने जोडले, हे या सन्मानाचे खरे औचित्य होय.

गोळा ढकलायला लागण्यापूर्वी हा किडा गोळ्यावर चढून स्वतःभोवती गिरकी घेतो. या गिरकीत तो आकाशाचे एक चित्र मनात साठवतो आणि पुढे चालताना डोळ्यांसमोरचे आकाश त्या चित्राशी जुळते आहे की नाही एवढेच पाहतो, असे नंतरच्या प्रयोगांत दिसून आले. संशोधकांनी त्याला निसर्गात कधीच दिसणार नाही असे, सूर्य आणि ध्रुवीकरण यांचा मेळ नसलेले, कृत्रिम आकाश दाखवले, तरी त्याने तेही साठवले आणि त्यानुसार तो सरळ चालला. आकाश कसे असावे याची कोणतीही पूर्वकल्पना त्याच्या मेंदूत असावी लागत नाही. गोळ्यावर चढण्याचा आणखी एक उपयोग दिवसा वावरणाऱ्या जातीत आढळला: तापलेल्या जमिनीवरून चालताना ओलसर आणि म्हणून थंड असलेल्या गोळ्यावर चढून हे किडे आपले पुढचे पाय निववतात. ते सिद्ध करण्यासाठी किड्यांच्या पुढच्या पायांत सिलिकॉनचे बूट चढवण्यात आले, आणि बूट घातलेले किडे गोळ्यावर कमी वेळा चढले. प्राचीन इजिप्तमध्ये खेप्री या उगवत्या सूर्याच्या देवतेला शेणकिड्याचे रूप दिले होते आणि गोळा ढकलणाऱ्या किड्यात सूर्य ढकलणारा देव पाहिला जात असे. दिवसाचा शेणकिडा खरोखरच सूर्यावर नजर ठेवून चालतो, हे त्या काळी कोणाला ठाऊक असणे शक्य नव्हते.

शेणकिड्याला दिशा पुरते, कारण त्याला परत यायचे नसते. वाळवंटातील मुंगीचे काम याहून अवघड आहे. उत्तर आफ्रिकेतील कॅटाग्लिफिस ही मुंगी भर दुपारी, इतर कीटक उन्हाने मरून पडतात तेव्हा, ते गोळा करायला बाहेर पडते. वेड्यावाकड्या वाटेने शंभर मीटरपेक्षाही दूर जाते आणि भक्ष्य सापडताच थेट सरळ रेषेत आपल्या वारुळाच्या बारीकशा भोकाकडे धावत सुटते. इतर मुंग्या वासाची वाट आखतात तशी सोय येथे नाही, कारण तापलेल्या जमिनीवर वास टिकत नाही. ट्युनिशियातील कैरुआन येथे राहणारे स्विस डॉक्टर फेलिक्स सांत्शी यांनी १९११ मध्ये एक साधा प्रयोग केला: घरी निघालेल्या मुंगीवरचा सूर्य त्यांनी आडोशाने झाकला आणि आरशाने तो विरुद्ध बाजूने दाखवला. मुंगी वळली आणि उलट दिशेला चालू लागली. कीटक सूर्याचा होकायंत्रासारखा वापर करतात याचा हा पहिला स्पष्ट पुरावा होता. पुढे सांत्शी यांना असेही आढळले की सूर्य अजिबात दिसत नसताना, निळ्या आकाशाचा एक तुकडा दिसला तरी मुंगीला दिशा कळते. त्या तुकड्यात असे काय असते, याचे उत्तर त्यांच्या हाती नव्हते.

ते उत्तर मधमाश्यांकडून आले. प्रकाश ही लहर आहे आणि तिचे कंपन सर्व दिशांना होऊ शकते. परंतु सूर्यप्रकाश हवेतील रेणूंवरून विखुरतो तेव्हा त्यातील काही भागाचे कंपन एकाच दिशेला होऊ लागते, यालाच ध्रुवीकरण म्हणतात. हे ध्रुवीकरण आकाशात सर्वत्र सारखे नसते: सूर्यापासून नव्वद अंशांवर ते सर्वाधिक असते आणि त्याच्या दिशांची सूर्याभोवती वर्तुळाकार नक्षी तयार होते, त्यामुळे सूर्य ढगाआड किंवा डोंगराआड असला तरी आकाशाचा एक निळा तुकडा त्याची जागा सांगू शकतो. माणसाच्या डोळ्याला ही नक्षी जवळजवळ दिसत नाही. मधमाश्यांना ती दिसते, हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले. अन्नाचा ठावठिकाणा सांगणाऱ्या मधमाशीच्या नृत्याची भाषा उलगडण्याच्या त्यांच्या कामातूनच हे निष्पन्न झाले, आणि १९७३ मध्ये कोनराड लोरेंझ व निको टिनबर्गेन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अंधाऱ्या पोळ्याच्या उभ्या भिंतीवर नाचणारी माशी ‘वर’ या दिशेला सूर्याची दिशा मानते आणि त्या रेषेशी जो कोन करून ती नाचते, सूर्याशी तोच कोन करून बाहेर उडावे लागते. महाराष्ट्रात झुडपांच्या फांदीवर एकच छोटे पोळे बांधणारी फुलोरी माशी मात्र पोळ्याच्या वरच्या सपाट भागावर, उघड्या आकाशाखाली नाचते, आणि तिचे नृत्य कोणत्याही भाषांतराविना थेट फुलांच्या दिशेलाच रोखलेले असते.

मुंगीकडे परत यायचे तर, दिशा कळूनही तिचे निम्मेच काम होते; किती अंतर चालायचे हेही तिला माहीत असावे लागते. झुरिक विद्यापीठाचे रूडिगर वेनर यांनी १९६९ पासून ट्युनिशियात या मुंग्यांवर काम केले. अन्नापाशी पोहोचलेल्या मुंगीला उचलून बाजूला दूर ठेवले, तर ती मूळ जागेवरून घराकडे ज्या दिशेने आणि जितके अंतर गेली असती, तेवढीच त्या दिशेने जाते आणि वारूळ नसलेल्या जागी वारूळ शोधत बसते. म्हणजे तिच्याजवळ नकाशा नसतो, चाललेल्या प्रत्येक तुकड्याची दिशा आणि लांबी यांची चालू बेरीज असते. लांबी मोजण्याची तिची रीत २००६ मध्ये मथियास विटलिंगर, वेनर आणि हॅराल्ड वोल्फ यांच्या प्रयोगातून कळली. वारुळापासून १० मीटरवरील अन्नापर्यंत चालत आलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून ते लांब करण्यात आले, काहींचे पाय कापून आखूड करण्यात आले आणि मग त्यांना परत सोडण्यात आले. लांब पायांच्या मुंग्या सुमारे १५ मीटर चालून वारूळ शोधू लागल्या, आखूड पायांच्या सुमारे पावणेसहा मीटरवरच थांबल्या. जाताना जितकी पावले पडली तितकीच त्या येताना टाकत होत्या, फक्त पावलाची लांबी बदलली होती. त्याच बदललेल्या पायांनी पुन्हा वारुळातून बाहेर पडून अन्नापर्यंत जाऊन आल्यावर त्यांचे अंतर बिनचूक ठरले. या प्रयोगात प्राण्याला झालेली इजा विसरता येण्यासारखी नाही, तरीही इतक्या सरळ मार्गाने इतका पक्का निष्कर्ष देणारे प्रयोग विज्ञानात फार थोडे आहेत.

फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१९ मध्ये या मुंगीच्या रीतीने चालणारा सहा पायांचा यंत्रमानव जाहीर केला. त्याचे नाव अँटबॉट आणि वजन २.३ किलो आहे. मोबाइलमधील जीपीएसला जागा ठरवण्यासाठी किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. अँटबॉटला एकही लागत नाही. फिरणाऱ्या ध्रुवक काचांखाली बसवलेल्या दोन प्रकाशसंवेदकांनी तो आकाशातील अतिनील प्रकाशाचे ध्रुवीकरण मोजतो, पावले मोजतो, आणि सुमारे १४ मीटर भटकून निघाल्या जागी परत येतो तेव्हा त्याची चूक काही सेंटिमीटरांचीच असते.

रात्री स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे, कारण तारे रात्रभर सरकत असतात. अमेरिकेतील स्टीफन एमलेन यांनी इंडिगो बंटिंग या छोट्या निळ्या पक्ष्यांवर १९६० च्या दशकात तारांगणात प्रयोग केले. त्यांचा पिंजरा नरसाळ्याच्या आकाराचा होता. तळाशी शाईचा पाट आणि उतरत्या भिंतींवर टीपकागद. स्थलांतराच्या दिवसांत पिंजऱ्यातील पक्षीही अस्वस्थ होऊन जायच्या दिशेला उड्या मारतात, आणि या पिंजऱ्यात त्यांच्या शाईच्या पावलांनी ती दिशा आपोआप कागदावर उमटली. मग एमलेन यांनी पिल्ले हाताने वाढवली आणि त्यांच्या एका गटाला असे आकाश दाखवले, जे ध्रुवताऱ्याभोवती न फिरता मृग नक्षत्रातील काक्षी या ताऱ्याभोवती फिरत होते. शरद ऋतूत दक्षिणेला जायची वेळ आली तेव्हा या पक्ष्यांनी काक्षीलाच उत्तर मानले आणि त्याच्या विरुद्ध दिशेला उड्या मारल्या. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा अर्थ असा की पक्षी ताऱ्यांचा नकाशा जन्मतः घेऊन येत नाही. जात्याच्या मधल्या खिळीसारखी आकाशातील कोणती जागा स्थिर आहे, हे तो लहानपणी पाहून शिकतो. असे शिकणेच शहाणपणाचे आहे, कारण पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पूर्ण करत डोलतो आणि उत्तरेचा तारा बदलत राहतो. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तो मान कालेय तारकासमूहातील थुबानला होता, आणखी सुमारे बारा हजार वर्षांनी तेजस्वी अभिजित ध्रुवाच्या जवळपास असेल. जन्मजात नकाशा हजारो वर्षांत चुकीचा ठरला असता. फिरण्याचा केंद्रबिंदू शोधण्याची रीत कधीच चुकत नाही.

ऑस्ट्रेलियातील बोगाँग पतंगाला मात्र शिकवायला कोणी नसते आणि शिकायला वेळही नसतो. वसंतात तो कधीही न पाहिलेल्या डोंगरांतील थंड गुहांकडे हजार किलोमीटरपर्यंत उडत जातो, उन्हाळा तेथे निपचित काढतो आणि शरदात परत येऊन प्रजनन करून मरतो. चुंबकीय क्षेत्र नाहीसे केलेल्या छोट्या रिंगणात त्याला केवळ तारांकित आकाश दाखवले तरी तो योग्य दिशा धरतो, ते आकाश उलटे फिरवले तर तोही उलटा फिरतो आणि तारे विस्कटून टाकले तर गोंधळतो, हे वॉरंट यांच्याच चमूने २०२५ मध्ये दाखवले.

वॉरंट यांच्या कामाचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. भीमाशंकरच्या अभयारण्यात हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस, आल्मुट केल्बर आणि वॉरंट यांनी लाकूड पोखरून घर करणाऱ्या भुंग्यांच्या तीन जातींचा अभ्यास केला. एक दिवसा उडते, दुसरी संधिप्रकाशात आणि तिसरी, झायलोकोपा ट्रँक्वेबारिका, अमावस्येच्या रात्रीही. तेथे तारे होकायंत्र नसून दिव्याचे काम करतात: माणसाला ज्या अंधारात कोणताच रंग ओळखता येत नाही, त्या अंधारात हा भुंगा आपल्या घराजवळील खुणेचा रंग ओळखून परत येतो, असे २००८ मध्ये सिद्ध झाले. सह्याद्रीच्या जंगलातील हे नवल शाळेच्या पुस्तकांत यायला हवे, इतके ते मोलाचे आहे.

या सर्व जिवांची खूण साधी असते, आणि म्हणूनच ती सहज फसते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास किंवा गोव्यातील मोरजी, गालजीबाग येथील किनाऱ्यांवर वाळूतून वर येणारी ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले मागच्या झाडांची गडद सावली टाळून क्षितिजाजवळच्या उजळ भागाकडे निघतात. लाखो वर्षे तो भाग समुद्राचाच असे, आता तो किनाऱ्यावरील दिव्यांचाही असू शकतो. शेणकिड्यांवरील २०२१ च्या प्रयोगात हेच दिसले. गावाकडच्या काळ्या आकाशाखाली किडे वेगवेगळ्या दिशांना पांगले, तर जोहान्सबर्गमधील विद्यापीठाच्या गच्चीवर ते आकाश सोडून झगमगत्या दिव्यांच्या रोखाने निघाले. त्यांची चाल सरळच होती, पण सगळे एकाच बाजूला जाऊ लागल्यावर गोळ्यांची चोरी टाळण्याचा मूळ हेतूच उरत नाही. पृथ्वीवरील एक तृतीयांशाहून अधिक माणसांना आपल्या घराजवळून आकाशगंगा दिसत नाही, असे २०१६ मध्ये तयार झालेल्या प्रकाशप्रदूषणाच्या जागतिक नकाशात नोंदले आहे, आणि त्या माणसांच्या आसपास राहणाऱ्या किड्यांनाही ती दिसत नाही.

पावसाळ्यात दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे दिव्याला चंद्र समजतात किंवा त्याच्याकडे ओढले जातात, असे फार काळ मानले जाई. इंपीरियल कॉलेज लंडन आणि फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी येथील संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचे उड्डाण टिपले, तेव्हा २०२४ मध्ये वेगळेच कारण पुढे आले. उडणारा कीटक आपली पाठ नेहमी जास्त उजेडाच्या बाजूला ठेवतो, कारण निसर्गात जास्त उजेड म्हणजे आकाश, आणि पाठ आकाशाकडे असली की शरीर सुलटे राहते. दिवा बाजूला असला की तो पाठ दिव्याकडे वळवतो, अंग कलते, वाट वाकते आणि तो दिव्याभोवती फिरत राहतो. दिवा खालून वर रोखलेला असला तर तो हवेतच उलटा होऊन कोसळतो. उजेड वरून आणि पसरट ठेवला तेव्हा मात्र हेच कीटक त्याखालून सरळ उडून गेले. त्यामुळे दिवा किती प्रखर आहे याइतकेच त्याचे तोंड कोणत्या बाजूला आहे हे महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा तेथे करण्यात आलेल्या मुख्य कामांत रस्त्यांवरचे दिवे बदलणे हे एक काम होते: आकाशाकडे जाणारा उजेड अडवायचा आणि तो फक्त जमिनीवर पाडायचा.